दाताचा खर्च आणि इन्शुरन्स: इंदुरात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दाताच्या क्लिनिकच्या काउंटरवर बसून मी बरीच वर्षं बिलं बनवली आणि मेडिक्लेमचे फॉर्म भरले. आता काम सोडलं तरी लोकमान्य नगरपासून राजेंद्र नगरपर्यंत कोणाची दाढ दुखली की व्हॉट्सॲपवर मेसेज मला येतो, आणि प्रश्न दाढेचा नसतोच, पैशाचा असतो. तेच तेच परत टाइप करायचा कंटाळा आला म्हणून एका जागी लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही, दाढ ठेवायची की काढायची ते मला विचारू नका.

पाच लाखाचा मेडिक्लेम आहे, दर वर्षी प्रीमियम भरतो, मग रूट कॅनालचे पैसे का नाही मिळत?

कारण आपल्याकडचा मेडिक्लेम उभाच आहे भरतीवर. किमान २४ तास हॉस्पिटलात भरती, नाहीतर डे-केअरमधे (त्याच दिवशी घरी सोडतात त्यात) बसणारं ऑपरेशन, यातलं काही असेल तर क्लेम. दाताचा इलाज होतो खुर्चीवर, तासाभरात, आणि माणूस तोंडाला रुमाल लावून ॲक्टिव्हावर घरी जातो. पलंग लागला नाही म्हणजे कंपनीच्या हिशोबात ती ओपीडी, आणि ओपीडी साध्या पॉलिसीत नसते. शिवाय बहुतेक पॉलिसींत एक वेगळी ओळच असते की दाताचा इलाज मिळणार नाही, ॲक्सिडेंटमुळे करावा लागला आणि त्यासाठी भरती व्हावं लागलं तरच मिळेल. ही ओळ ब्रोशरमधे सापडणार नाही, पॉलिसी वर्डिंगच्या पीडीएफमधे एक्सक्लूजनच्या पानावर असते, तिथे सर्चमधे डेंटल टाकून बघा.

लोक चिडतात, मीही चिडायचे, पण कंपनीचा हिशोबही समजून घ्या. हार्टचं ऑपरेशन शंभरातल्या थोड्यांना लागतं म्हणून सगळ्यांच्या प्रीमियममधून ते भागतं. दात मात्र आज ना उद्या सगळ्यांचेच बिघडतात, आणि हा खर्च सहा महिने पुढे ढकलता येतो, म्हणजे दुखायला लागल्यावर पॉलिसी घ्यायची, काम करून घ्यायचं आणि सोडून द्यायची, असं कोणीही करेल. मग कंपनी एकतर हात वर करते, नाहीतर इतकी छोटी लिमिट ठेवते की घेऊन न घेतल्यासारखं.

आरोग्य संजीवनी पॉलिसीत तर डेंटल ट्रीटमेंट लिहिलेलं आहे, एजंटने दाखवलं मला.

बरोबर दाखवलं, अर्धं दाखवलं. आरोग्य संजीवनी ही २०२० मधे आलेली स्टँडर्ड पॉलिसी, कंपनी कोणतीही असो, अटी त्याच. त्यात आजारामुळे किंवा इजेमुळे करावा लागलेला दाताचा इलाज खरंच लिहिलेला आहे. पण तो आहे भरतीच्या खर्चाच्या खात्यात, म्हणजे आधी भरती आणि मग दात. शिवाय ५ टक्के को-पे तुमच्या खिशातून. साध्या कीड लागलेल्या दाढेला तिचा काही उपयोग नाही.

मग दातासाठी क्लेम कधी पास होतो?

सगळ्यात स्वच्छ केस म्हणजे ॲक्सिडेंट. रिंग रोडवर गाडी घसरली, जबडा फ्रॅक्चर झाला, भरती होऊन प्लेट बसवली, तर हा नुसता दाताचा मामला राहतच नाही, हाडाचं ऑपरेशन झालं आणि ते मिळतं. इथे लोकं गडबड करतात ती कागदात. रक्त पुसून आधी घरी येतात, दुसऱ्या दिवशी ओळखीच्या डॉक्टरकडे जातात, आणि मग कंपनी विचारते ॲक्सिडेंट झाला याला पुरावा काय. त्याच दिवशी हॉस्पिटलात जा, एमएलसी, म्हणजे पोलिसांसाठीची ॲक्सिडेंटची नोंद, होऊ द्या, डिस्चार्ज समरीत पडल्यामुळे दात तुटले हे शब्द आणि दातांचे नंबर आले पाहिजेत, ओपीजीची, म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्स-रेची, कॉपी जपून ठेवा. आणि हेही ऐकून ठेवा की जबड्याचं बिल मिळालं तरी नंतर तुटलेल्या दाताच्या जागी इम्प्लांट लावलं त्याचं मिळेलच असं नाही, बऱ्याच पॉलिसी तिथे थांबतात.

दुसरं म्हणजे जबड्यातली गाठ, मोठं सिस्ट, पस होऊन गळ्यापर्यंत सूज गेली आणि भरती करावं लागलं असं काही. तोंडाचा कॅन्सर तर दाताच्या खात्यात येतच नाही, तो कॅन्सर म्हणूनच कव्हर होतो.

अक्कलदाढेसाठी एक रात्र भरती दाखवून घेऊ का? सगळे करतात म्हणे.

नका करू. गरज नसताना भरती दाखवणं म्हणजे खोटा क्लेम, टीपीएवाले, म्हणजे कंपनीसाठी क्लेम तपासणारे, अक्कलदाढेची फाइल आली की आधीच भिंग लावून बसतात, आणि पकडलं तर नुसता क्लेम नाही जात, पॉलिसीच रद्द होऊ शकते आणि मग उद्या बायपासच्या वेळी काय करणार. अक्कलदाढ खरंच हाडात आडवी असेल आणि सर्जन पूर्ण भूल देऊन हॉस्पिटलात काढा म्हणत असेल, तर आधी कंपनीला मेल टाकून लेखी उत्तर घ्या. फोनवरच्या मुलीने हो म्हटलं त्याला काही अर्थ नसतो.

ओपीडी रायडर किंवा डेंटलवाला प्लॅन घेणं फायद्याचं आहे का?

कागद-पेन घ्या. समजा रायडरने, म्हणजे पॉलिसीला जोडलेल्या जादा कव्हरने, प्रीमियम वर्षाला ३,००० ने वाढला आणि डेंटलची लिमिट ५,०००, तर तुमचा जास्तीत जास्त फायदा २,००० चा, तोही पूर्ण लिमिट वापरली तर. त्यात वेटिंग पिरियड किती, नेटवर्कमधलेच डेंटिस्ट की कोणतेही, आणि कॅप, इम्प्लांट, तारा वगळल्यात का, हे तीन बघा. पुष्कळ प्लॅनमधे मिळतं काय तर तपासणी, एक्स-रे आणि सफाई, जे तसंही स्वस्त असतं. ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत ओपीडी असेल तर मात्र आवर्जून वापरा. विजय नगरच्या आयटी कंपन्यांतली मुलं मार्च संपत आला की धावत यायची, तेव्हा दोन आठवडे अपॉइंटमेंट मिळायची नाही.

पॉलिसी घेऊन झाली आणि वर्डिंग वाचल्यावर कळलं फसलो, तर ३० दिवसांचा फ्री-लुक पिरियड असतो, परत करता येते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक हेल्थ पॉलिसीच्या प्रीमियमवर जीएसटी नाही, त्यामुळे जुन्या कोटेशनवर हिशोब करू नका.

आयुष्मान कार्डावर दाताचं होतं का?

कीड, रूट कॅनाल, कॅप, कवळी: नाही. आयुष्मान योजना, जी सप्टेंबर २०१८ मधे आली आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखाचं कव्हर देते, तीही भरतीचीच आहे, ओपीडीची नाही. पण जबड्याचं फ्रॅक्चर, फाटलेला ओठ किंवा टाळू, तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, असं मोठं असेल तर कार्ड घेऊन जा. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, वय वंदना कार्ड मिळतं, फक्त आधार लागतं. आपल्याकडच्या किती आजी-आजोबांनी ते अजून काढलेलं नाही, का तर म्हणे ते गरिबांचं असतं. काढून ठेवा हो, दातासाठी नाही तर बाकी शरीरासाठी. माहितीचा नंबर १४५५५.

आणि ईएसआय, सीजीएचएस, फौजी लोकांचं?

हे तीन खरोखर कामाचे, कारण यांच्यात ओपीडी आहे. ईएसआय म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, महिन्याला २१,००० पर्यंत पगारवाल्यांना लागू, पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. पीथमपूर, सांवेर रोडच्या फॅक्टऱ्यांतल्या कितीतरी लोकांच्या पे-स्लिपवर ही कटौती दिसते आणि त्यांना माहीतच नसतं की बायको, मुलं आणि अवलंबून असलेले आईवडीलही त्यात येतात. नंदा नगरचं ईएसआय हॉस्पिटल, नाहीतर जवळची डिस्पेन्सरी, तिथे कार्ड घेऊन विचारा.

सीजीएचएस, म्हणजे केंद्र सरकारी कर्मचारी आणि पेन्शनरांची योजना, त्यात डेंटलचे रेट ठरलेले असतात, आधी त्यांच्या दवाखान्यातून, म्हणजे वेलनेस सेंटरमधून, लिहून घ्या आणि मग इलाज, उलट केलं तर बिल अडकतं. माजी सैनिकांना महूला ईसीएचएस पॉलिक्लिनिक आहेच.

सरकारी डेंटल कॉलेजला जावं का? शिकाऊ मुलं करतात ना?

जावं. माझं तर सरळ मत आहे की इंदुरात ज्याच्या खिशात पैसे नाहीत त्याने इन्शुरन्सच्या मागे लागण्यापेक्षा डेंटल कॉलेजची वाट धरावी. एमवाय हॉस्पिटलजवळचं सरकारी डेंटल कॉलेज १९६१ पासून आहे. त्याशिवाय शहराच्या कडेने प्रायव्हेट कॉलेजं आहेत, राऊला, उज्जैन रोडला अरबिंदो, नेमावर रोडला इंडेक्स, एअरपोर्टकडे मॉडर्न. त्यांना शिकवण्यासाठी पेशंट लागतात, त्यामुळे तिथले रेट क्लिनिकपेक्षा बरेच कमी असतात.

जाताना सकाळी लवकर निघा. आधी पर्ची, मग ओरल मेडिसिनमधे तपासणी, तिथून एक्स-रे, आणि मग ज्याचं काम त्या डिपार्टमेंटला पाठवतात, नस उपचार वेगळीकडे, कवळी वेगळीकडे, दाढ काढणं तिसरीकडे, तार चौथीकडे. काम करणारी मुलं इंटर्न किंवा एमडीएस (दाताचं पुढचं शिक्षण) करणारी असतात आणि मागे सर किंवा मॅडम उभे असतात, प्रत्येक स्टेपला येऊन बघतात, सही झाल्याशिवाय पुढची स्टेप नाही. खरं सांगायचं तर इतकं निरखून काही प्रायव्हेट क्लिनिकमधेही होत नाही. दाढ अवघड असेल तर एमडीएसवाल्याकडे द्या असं मोकळेपणाने सांगा, कोणी रागावत नाही.

खरी किंमत द्यावी लागते ती वेळेची. क्लिनिकमधे दोन बैठकीत उरकणारं रूट कॅनाल तिथे चार-पाच चकरांत होतं, आणि ज्याची हजेरी कापली जाते त्याला प्रत्येक चक्कर एका दिवसाच्या मजुरीला पडते. आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या ताई पहिल्या बैठकीनंतर दुखणं थांबलं म्हणून गेल्याच नाहीत, दाढ अर्धी उघडी तशीच, आणि चार महिन्यांनी ती काढावीच लागली. म्हणून पहिल्याच दिवशी विचारा की एकूण किती वेळा यावं लागेल, आणि सुट्टीच्या हिशोबाने तारखा मागा, शक्य तिथे देतात.

क्लिनिकने ४० हजाराचं एस्टिमेट दिलं. बरोबर आहे की लुटतायत?

एस्टिमेट तोडून वाचा. आधी दातांचे नंबर बघा. ३६ म्हणजे खालची डावीकडची पहिली मोठी दाढ, ४६ म्हणजे तीच उजवीकडे, १६ आणि २६ वरच्या. नंबर नसेल तर लिहून मागा, पुढे दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचं असो की क्लेम करायचा असो, नंबराशिवाय तो कागद बिनकामाचा.

मग प्रत्येक नंबरासमोर काय काय आहे ते. रूट कॅनाल आणि त्यावरची कॅप या दोन वेगळ्या वस्तू, आणि लोकांचा घोटाळा इथेच होतो, चार-पाच हजारात दाढ झाली असं समजून बसतात आणि कॅपचे पैसे ऐकून तोंड उतरतं. कॅप टाळू नका, नस काढलेली दाढ कमकुवत होते आणि एक दिवस शेव खाताना किंवा सुपारी फोडताना उभी चिरते, मग आधीचेही पैसे पाण्यात. कॅपमधे मात्र निवड तुमच्या हातात असते. झिर्कोनिया महाग, आत धातू आणि वर सिरॅमिक अशी त्याहून स्वस्त, नुसत्या धातूची सगळ्यात स्वस्त. मागची दाढ हसताना दिसत नाही, तिथे धातूची कॅप वर्षानुवर्षं टिकते, पण क्लिनिकमधे ती कोणी स्वतःहून दाखवत नाही, विचारावी लागते.

त्यानंतर डॉक्टरांना एकच विचारा, यातलं आत्ता न केल्याने काय बिघडेल आणि थांबू काय शकतं. चांगले डॉक्टर लगेच दोन भाग करून देतात, या महिन्यात ३६ चं रूट कॅनाल, सफाई दिवाळीनंतर, पुढच्या दाताचा काळा डाग तर राहिला तरी चालेल. आणि जे सगळं आजच करा, आज केलं तर ३० टक्के ऑफ म्हणतात तिथून एक्स-रे मागून घ्या आणि दुसरीकडे दाखवा. एक्स-रेचे पैसे तुम्ही दिलेत, कॉपी मागायला लाजायचं काय त्यात.

पैसे कमी करा म्हणायला संकोच वाटतो तर स्टेजप्रमाणे देऊ का विचारा. हे बहुतेक ठिकाणी चालतं, जितकं काम झालं तितके पैसे.

ईएमआय घेऊ का? नो-कॉस्ट म्हणतायत.

तो ईएमआय क्लिनिक नाही देत, मागे फायनान्स कंपनी असते, म्हणजे तुमच्या नावावर लोन चढतं आणि सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जाच्या रेकॉर्डवर, दिसतं. नो-कॉस्ट असेल तर व्याज क्लिनिक भरतं, म्हणजे रोख दिलं असतं तर जी सूट मिळाली असती ती गेली, म्हणून आधी रोखीचा भाव विचारा आणि मग ईएमआयचा. प्रोसेसिंग फी वेगळी लागते का बघा. लोन देणाऱ्याने की फॅक्ट स्टेटमेंट नावाचा कागद द्यावाच लागतो, त्यात वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो, तो वाचल्याशिवाय ओटीपी सांगू नका.

माझी मुख्य भीती वेगळी आहे. लोनचे सगळे पैसे क्लिनिकला सुरुवातीलाच मिळतात आणि काम पुढे चालत राहतं, तारांचं तर दीड-दोन वर्षं. मधे डॉक्टर बदलले, क्लिनिकला कुलूप लागलं, की तुमचं तोंड अर्धवट आणि किश्त चालू. म्हणून तारांसाठी शक्यतो महिन्याच्या व्हिजिटला पैसे देण्याचं ठरवा.

दाढ काढूनच टाकली तर स्वस्त पडेल ना?

आज स्वस्त. नंतर बाजूची दाढ त्या खड्ड्यात कलते, वरची खाली उतरते, अन्न अडकतं, आणि तेव्हा ब्रिज करायचा म्हटलं तर शेजारचे दोन चांगले दात घासावे लागतात आणि कॅप तीन लागतात, इम्प्लांट तर सरळ वीस-पंचवीस हजाराच्या पुढे. अक्कलदाढ असेल तर गोष्ट वेगळी, तिच्या जागी काही बसवावं लागत नाही. रस्त्यावर फिक्स दात लावून देणारे बसतात त्यांच्याकडे तर चुकूनही नाही, ते शेजारच्या दातांना प्लास्टिक चिकटवून देतात, खाली साफ होत नाही आणि चांगले दातही हलायला लागतात.

दुखत नाहीये, मग आत्ताच कशाला खर्च?

दुखत नाही तेव्हा सिमेंट भरून हजार-पंधराशेत होतं. दुखायला लागलं म्हणजे कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचली, आता रूट कॅनाल आणि कॅप. सूज आली की त्यात अँटिबायोटिकचा खर्च आणि दोन रात्री जागरण. मेडिकलवरून दुखण्याची गोळी घेऊन दिवस ढकलणारे आपल्याकडे फार, आणि गोळ्या घ्यायच्याच असतील तर निदान डॉक्टरची चिठ्ठी घेऊन जन औषधीतून घ्या, पुष्कळ कमीत मिळतात.

एक मात्र पैशाचा विचार न करता लगेच दाखवा. गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवडे न भरणारा छाला, तोंड पूर्ण उघडत नाही. गुटखा, पाउच खाणाऱ्यांनी तर आजच. डेंटल कॉलेजमधे ही तपासणी पर्चीच्या पैशात होते.

मुलांच्या दातांसाठी काही आहे का?

आहे, कोणी वापरत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, २०१३ पासूनचा. अंगणवाडी आणि सरकारी शाळांत टीम येऊन १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासते आणि त्यात दातही येतात. टीमने रेफर केलं की इलाज फुकट. कामवाल्या ताईंची, चौकीदाराची मुलं सरकारी शाळेत असतील तर त्यांना हे सांगा.

टॅक्समधे काही सुटतं का?

इन्कम टॅक्सच्या जुन्या रेजीममधेच. ८०डी या कलमात आईवडील ६० वर्षांवरचे असतील आणि त्यांचा हेल्थ इन्शुरन्सच नसेल तर त्यांच्या इलाजावर केलेला खर्च ५०,००० पर्यंत दाखवता येतो. बाबांच्या कवळीचं बिलही त्यात घालता येतं का ते तुमच्या सीएला विचारून घ्या. पैसे रोख दिले तर चालत नाही, यूपीआय किंवा कार्डने द्या आणि बिल बाबांच्या नावाचं, पक्कं.

ॲक्सिडेंटची केस होती तरी क्लेम रिजेक्ट केला. आता?

रिजेक्शन लेखी मागा, कोणत्या क्लॉजखाली ते नमूद करून. मग कंपनीच्या ग्रिव्हन्स सेलला तक्रार. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडचं ऑफिस भोपाळला आहे, फी नाही, वकील लागत नाही, कंपनीच्या शेवटच्या उत्तरापासून एक वर्षाच्या आत जायचं. इर्डा, म्हणजे विमा कंपन्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था, तिचा १५५२५५ नंबर आणि बीमा भरोसा पोर्टलवरही तक्रार टाकता येते, नुसत्या त्या तक्रारीनेच अडकलेली फाइल हललेली मी बघितलीय. तिथेही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग, ५ लाखापर्यंतच्या केसला फी नाही.

मुलाकडे अमेरिकेला सहा महिने चाललोय, तिथे दात दुखला तर?

तिकडेही दातांचा इन्शुरन्स बाकी शरीरापासून वेगळाच असतो, त्यांच्या म्हाताऱ्यांच्या सरकारी मेडिकेअरमधेही साधा दाताचा इलाज नाही, त्यामुळे आपणच मागे आहोत असं समजू नका. तुमच्या ट्रॅव्हल इन्शुरन्समधे असतं ते अचानक उठलेलं दुखणं थांबवण्यापुरतं, तेही छोट्या लिमिटपर्यंत. म्हणून तिकीट काढल्यावर, निघायच्या निदान दोन महिने आधी, पूर्ण तपासणी आणि लागेल ते काम इथेच उरकून घ्या. मुलं उलटं करतात, डिसेंबरात पंधरा दिवसांसाठी येतात आणि इम्प्लांट करून द्या म्हणतात. हाडात स्क्रू धरायला साधारण तीन ते सहा महिने जातात, त्यामुळे या खेपेला स्क्रू आणि कॅप पुढच्या खेपेला असंच ठरवावं लागतं, आणि तिकडे परत गेल्यावर टाके कोण बघणार तेही आधीच विचारून ठेवा.